काठावरच्या खाचा

छापखान्यात खिळे ओतणारे रसूलभाई आठवा मग घेऊन भट्टीकडे निघाले आणि मध्येच थांबले. सात मग आधीच भांड्यात वितळले होते.

"साहेब, इकडं या जरा."

मी प्रूफ टेबलावर ठेवून गेलो. त्यांनी मगाचा काठ माझ्यासमोर धरला. मग धरायच्या कानाजवळ तीन बारीक खाचा होत्या.

"झिजलाय," मी म्हणालो.

"झीज मोजून होत नाही. तिन्ही सारख्या अंतरावर आहेत. कानशीचं काम आहे हे. आणि नंतर कुणीतरी पॉलिश कागदानं घासलंय, टोचू नये म्हणून. अंगठा फिरवा."

मी अंगठा फिरवला. खाचा गुळगुळीत होत्या.

"आधीच्या सातांना होत्या?" त्यांनी विचारलं.

ते सात मग फरशीवर ठेवून हातोड्यानं चपटे करायचं काम मी केलं होतं. काठावर काहीतरी आहे हे मला दिसलं होतं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नगरमधल्या एका छोट्या दैनिकात मी उपसंपादक होतो. छापखान्यावर देखरेख करायला मालकांना दुसरा माणूस परवडत नव्हता, म्हणून तेही काम माझ्याकडे होतं. आमचा टाइप आम्हीच ओतायचो. टाइप म्हणजे अक्षरांचे धातूचे खिळे. जुळारी ते एकेक उचलून ओळ जुळवतो. खिळ्यांचा धातू तीन धातूंचा बनतो. शिसं सर्वांत जास्त. अँटिमनीनं कडकपणा येतो. कथलामुळे वितळलेला रस पातळ होतो आणि साच्याच्या बारीक कोपऱ्यांत शिरतो. झिजलेले खिळे पुन्हा वितळवून नवे ओततात. प्रत्येक वेळी वर मळी येते, ती काढून टाकावी लागते. त्या मळीत कथील जातं. ते वरचेवर घातलं नाही तर अक्षरं बोथट उठतात.

कथील परदेशातून यायचं आणि कोट्यावर मिळायचं. आमचा कोटा आला नव्हता. तरी गाडा चालला होता. मग जामखेडहून पत्र आलं. दुष्काळी कामावर नावं नोंदवायची नोटीस आम्ही छापली होती. नोंदणी नऊ तारखेला होती. आमच्या नऊचा बारीक वळसा उठला नव्हता, छापात तो एक दिसत होता. तिथल्या एका गावची माणसं एक तारखेला चालत कामाच्या जागी गेली, दिवसभर बसली आणि परत आली. पत्रात शिवीगाळ नव्हती. एवढंच लिहिलं होतं की त्यात दोन बाळंतिणी होत्या.

मालकांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "कथील आणा. कुठूनही."

भिंगारच्या रस्त्याला एका चर्चच्या मागच्या खोलीत जुन्या वस्तूंचं दुकान होतं. लोक नको असलेल्या वस्तू आणून द्यायचे, विक्रीचे पैसे धर्मादायाला जायचे. मार्थाबाई नावाच्या निवृत्त नर्स ते चालवत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. तिथं बारा मग एका ओळीत मांडले होते. जाड, करडे, मोठ्या कानाचे. गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये असले मग असत. या धातूला प्यूटर म्हणतात. त्यात बहुतेक कथीलच असतं आणि थोडं अँटिमनी. म्हणजे आम्हाला हवं होतं नेमकं तेच. मी बाराही घेतले. सिस्टरनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. वर्तमानपत्र आमचंच होतं.

रसूलभाईंनी मग पारखून घेतले. एकाच्या बुडाचा तुकडा कापून दाताखाली धरला, कानाशी नेऊन वाकवला. कथील वाकताना बारीक करकरतं. "जस्त नाही," ते म्हणाले. "जस्ताचा तुकडा पडला असता तर अख्खं भांडं फेकावं लागलं असतं." त्यांची परीक्षा एवढीच होती. ती चुकली नाही.

आणि आता आठवा मग त्यांच्या हातात होता.

"साहेब, आपल्या खिळ्याला खाच कशाला असते?"

हे मला माहीत होतं. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एका बाजूनं आडवी खाच असते. जुळाऱ्याची नजर समोरच्या कागदावर असते. खिळा उचलताना अंगठ्याला खाच लागली की तो सुलटा आहे हे कळतं. बघावं लागत नाही.

"तसंच हे," रसूलभाई म्हणाले. "कुणाला तरी बघता येत नव्हतं."

त्यांनी भट्टीचा कोळसा मागे ओढला. मी उरलेले पाच मग पिशवीत घातले आणि सायकल काढली.

सिस्टर दुकान बंद करत होत्या. मी मग टेबलावर ठेवून खाचा दाखवल्या.

"त्या मीच पाडल्यात, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी आश्रमात होते तेव्हा."

आश्रम म्हणजे गावाबाहेरचा कुष्ठरोग्यांचा आश्रम. तेव्हा सगळे त्याला महारोग्यांचा म्हणत.

"आजारात कुणाकुणाचे डोळे जातात. बोटांची जाणीव तर आधीच गेलेली असते. चाचपून काही कळत नाही. ओठाला मात्र कळतं. म्हणून प्रत्येकाच्या मगाला वेगळी खूण केली. धुऊन कट्ट्यावर मांडले की जो तो ओठ लावून आपला शोधायचा. मनगट मगाच्या कानात अडकवायचं आणि प्यायचं. कुणाला हाक मारायला नको."

"मग ते विकायला कसे आले?"

"दानात अॅल्युमिनियमचे नवे मग आले. जुने इकडं पाठवले. मी उकळून ठेवले होते. कुठले आहेत हे कळलं की गिऱ्हाईक हातातला मग खाली ठेवून जायचं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

"वापरणारं आता कुणी आहे?"

"किसनबाबा आहेत. बाकीचे गेले. त्यांचा मग तिकडंच ठेवला असेल असं मी धरून चालले." त्या पाचही मगांकडे पाहत राहिल्या. "बाकीचे सात कुठं आहेत?"

मी सांगितलं.

"कुणाचा कोणता, मला आता आठवायचं नाही," त्या म्हणाल्या. "ते किसनबाबाच सांगतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी विचारलं, "भट्टी का थंड आहे?"

मी कारण सांगितलं.

"मग आपण विकत घेतले ना?"

"हो."

"सात वितळवले. पाचांनी काय पाप केलंय?"

"साहेब, त्यातला एक एका माणसाचा असू शकतो."

"आणि जामखेडची माणसं? ती माणसं नाहीत?"

माझ्या मते त्यांचं म्हणणं बरोबर होतं. रसूलभाई मध्ये पडले. सात मगांच्या धातूत आकडे पुन्हा ओतून होतील, ते म्हणाले. मजकुराच्या अक्षरांना पुरणार नाही. मालकांनी मला संध्याकाळपर्यंत वेळ दिला. रसूलभाईंनी आकड्यांसाठी भट्टी पेटवली आणि दुपारी मी निघताना नुकताच ओतलेला एक खिळा माझ्या खिशात टाकला. नऊचा होता. "मालकांना दाखवायला होईल," ते म्हणाले. वळसा स्वच्छ उठला होता. मालक तोवर बाहेर पडले होते, खिळा खिशातच राहिला.

आश्रमात किसनबाबा ओसरीवर बसले होते. शेजारी चहानं भरलेला अॅल्युमिनियमचा मग होता. चहावर साय धरली होती.

तिथल्या कामगारानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे नवे समदे सारखेच. कान बी बारका, मनगट जात न्हाई. खाच पाडाया गेलो तर पत्रा पातळ, ओठ कापतो. आता कुनी पाजलं की पित्यात. माज्या मागं चाळीस मानसं. रोज येळ घावतो असं न्हाई."

मी बाबांना नाव सांगितलं. मग आणलेत म्हणून सांगितलं. ते सरसावून बसले.

"द्या. एकेक द्या."

पहिला मग मी त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी काठावरून ओठ फिरवला.

"ह्यो गनपाचा. लई चहाबाज. आपला संपला की माजा लाटायचा." ते हसले. "दुसरा?"

दुसरा दिला.

"सावित्रीचा. हिच्या मगाला चुकून तोंड लागलं की अर्दा दीस शिव्या. एकडाव म्हनली, किसन्या, तुला बायकू न्हाई म्हनून माजा मग धरतो व्हय?"

कामगार हसला. मीही हसलो.

तिसरा एका मास्तरांचा होता. चौथा इमामचा. दोन्ही वेळा बाबांनी शेवटी "गेला" एवढंच म्हटलं आणि हात पुढे केला.

"तुम्हाला सगळ्यांच्या खुणा कशा माहीत?" मी विचारलं.

"आपला घावस्तवर दुसऱ्याचे तोंडाला लागायचेच की. रोज समद्यांची गाठ पडायची."

पाचवा मग मी जरा उशिरा दिला. त्यांनी ओठ लावला. पुन्हा लावला. मग वळवून दुसऱ्या बाजूनं लावला.

"ह्यो सोनाईचा," ते म्हणाले. "अजून?"

"पाचच आहेत, बाबा."

"आन् बाकीचे?"

बातमी कशी द्यायची हे मी पंधरा वर्षं शिकलो होतो. आधी घटना, मग कारण. तशीच दिली. मग वितळवले. छापखान्यात आकडे ओतायला. मीच ठोकले. खाचा दिसल्या होत्या, विचारलं नाही.

बाबा म्हणाले, "कसले आकडे?"

मी नोटिशीचं सांगितलं. माणसं चुकीच्या तारखेला चालत गेली तेही सांगितलं.

"आता नीट उठत्यात?"

"उठतात."

"कसा आसतो आकडा? हाय का जवळ?"

मला खिशातला खिळा आठवला. आमच्या धातूत शिसं असतं, तो तोंडाला लावू नये. हे मी त्यांना सांगितलं.

"ह्या वयात?" ते म्हणाले.

मी खिळा रुमालानं पुसला आणि खालच्या ओठावर टेकवला. त्यांनी मान हलवत हलवत तो चारी बाजूंनी पाहिला. खाचेशी आले आणि थांबले.

"येकच खाच हाय."

"हो."

"माज्याला दोन हुत्या. कानाच्या दोन्ही अंगाला येकेक." त्यांनी तोंड मागे घेतलं. "ह्यो माजा न्हाई."

खिळा मी परत खिशात ठेवला. मग मी सुचवलं की या पाचांतला एक आपला म्हणून घ्यावा. गणपाचा घ्या. हवं तर रसूलभाई त्यावर त्यांच्या दोन खाचा पाडून देतील.

"गनपाचा घेतो. पन त्याला कानस लावू नगा. गनपाचा हाय त्यो."

"बरं. बाकीचे चार मी घेऊन जातो."

"न्हाई, न्हाई," ते घाईनं म्हणाले. "पाची ठिवा. कट्ट्यावर मांडा, पयल्यासारके. येकच मग आसल्यावर त्याला वळखायचं ते काय?"

कामगारानं पाचही मग धुऊन कट्ट्यावर मांडले. गणपाच्या मगात चहा ओतला. बाबा उठले, भिंतीच्या आधारानं कट्ट्यापर्यंत गेले आणि वाकले. चहाचा मग अलीकडून दुसरा होता. ते मात्र पार पलीकडच्या टोकाला गेले आणि तिथून सुरुवात केली. दुसऱ्यापाशी पोचायला त्यांना बराच वेळ लागला. मी ते पूर्ण होईपर्यंत थांबलो नाही. मला छापखान्यात जायचं होतं.

मी पाच मग परत आणले नाहीत म्हणून मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आकडे नवे ओतले. पुढच्या नोटिशीत नऊ हा नऊच दिसला. जामखेडहून पुन्हा पत्र आलं नाही. मजकूर मात्र कोटा येईपर्यंत बोथटच छापत राहिलो. वाचकांनी तक्रारी केल्या. त्या मी वाचल्या आणि फाइलला लावल्या.

आश्रमाकडे मी पुन्हा एकदाच गेलो, थंडीत. कट्ट्यावर मग नव्हते. कामगार बदलला होता. त्याला मगांबद्दल काही माहीत नव्हतं. किसनबाबा गेल्याचं त्यानं रजिस्टरात पाहून सांगितलं.

टाइपचा धातू संपत नाही. खिळे झिजतात, भट्टीत जातात आणि नवे होऊन येतात. त्यामुळे मी नोकरी सोडेपर्यंत आम्ही जे जे आकडे छापले, तारखा, बाजारभाव, पावसाचे इंच, त्यांत ते सात मग थोडेथोडे होतेच. पाहून ओळखू यायचे नाहीत.

रसूलभाईंनी त्यानंतर एक नियम केला आणि मीही तो पाळला. तापल्या भांड्यात काही टाकण्यापूर्वी त्याच्या काठावरून अंगठा फिरवायचा. त्याला वेळ लागत नाही. हातोडा मात्र आधी बाजूला ठेवावा लागतो.