ती ग्रिल आणि ते ग्रिल

आमच्या मानवत गावात ग्रिल म्हटलं की खिडकीची लोखंडी ग्रिल. ती बसवली, ती गंजली, तिच्यातून मांजर आत आलं. ग्रिल ही बाईमाणूस आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीपासून सुरू झाला म्हणून ती आधी सांगून टाकतो.

गावातल्या निम्म्या खिडक्यांना आहे ती ग्रिल महारुद्र मिस्त्रीच्या हातची. ओळखायची खूण सोपी. मधोमध मोर असतो आणि त्या मोराला एकच पाय असतो. अठ्ठ्याऐंशी साली मिस्त्रीने हेडमास्तरांच्या नव्या घराची ग्रिल केली, ती त्याची पहिली. मोराच्या दुसऱ्या पायापुरती सळई उरली नाही, नवी आणायला परभणी गाठायची आणि वास्तुशांत तर दुसऱ्या दिवशी सकाळी. मिस्त्रीने तसाच मोर नेऊन बसवला आणि हेडमास्तरांना तोंड वर करून सांगितलं, "गुर्जी, मोर झोपताना एकाच पायावर उभा ऱ्हातो." हेडमास्तर विज्ञान शिकवायचे, तरी गप्प बसले. पुढे लोक मुद्दाम तोच मोर मागायला लागले. माझ्या घराच्या तिन्ही खिडक्यांत तो एका पायावर उभा आहे.

कागदावर नक्षी काढलेली मी त्याच्याकडे कधी पाहिली नाही. दुकानापुढच्या फरशीवर खडूने रेघा मारायच्या, त्यावर सळया ठेवून वाकवायच्या, की झालं. दुपारी मी चहाला गेलो की पाय कुठे ठेवू नि कुठे नको असं व्हायचं. वेल्डिंग करताना काळी काच डोळ्यांवर धरायचा कंटाळा. "काच लावली की मोराची मान दिसत न्हाई," म्हणायचा. मग रात्रभर डोळ्यांत वाळू टोचायची आणि त्याची बायको कासाबाई बटाट्याच्या चकत्या पापण्यांवर ठेवत बसायची. अशी पस्तीस वर्षं. शेवटी परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता वेल्डिंगचा होल्डर हातात धराल तर उरलेली नजरही जाईल.

तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "अजून एक ग्रिल करू का? घरची हाय."

मुलाचं घर बांधून होत आलं होतं. मुलगा हरिओम पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत. गावाच्या कडेला प्लॉट घेऊन बंगला बांधला, आई-बापाला त्यात ठेवलं, आणि चार कोपऱ्यांना चार कॅमेरे लावून पुण्यातून त्यांच्यावर नजरही ठेवली. पोरगा वाईट नाही, हे मी शपथेवर सांगेन. बाकीच्या खिडक्यांना त्याने सरकत्या काचा बसवल्या. फक्त स्वयंपाकघराची, अंगणाकडची खिडकी बापासाठी सोडली. मिस्त्रीने तिथे दोन महिने खपून शेवटची ग्रिल केली. मोराची मान निळी, पिसारा हिरवा, आणि पिसाऱ्याचा एकेक डोळा वेगळा वळवलेला. ती बसवली त्या दिवशी होल्डर गुंडाळून माळ्यावर टाकला. पुढे डोळ्यांनी धड दिसेना, तेव्हा अंगणात बसून तो त्या मोरावरून नुसता हात फिरवायचा.

आता मूळ गोष्ट. गेल्या डिसेंबरात हरिओमचा फोन आला, "बाबा, ग्रिल पाठवलंय. भारीतलं आहे, स्मार्ट आहे. आलं की घरच्या वायफायला जोडून घ्या. किशनकाकांना बोलवा, त्यांना कळतं."

किशनकाका म्हणजे मी. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं तारा जोडल्या, म्हणून तारेचं, बिनतारी, सगळं मला कळतं असा गल्लीचा समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही, ही माझी खोड.

खोकं आलं, आणि चार दिवस मिस्त्री त्याच्याकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसला. चेहरा उतरलेला.

"किशनराव, म्या मेलो का?"

"काय झालं?"

"पोरानं तयार ग्रिल धाडली पुण्याहून. माझी ग्रिल काढून ती बसवायची म्हनं. एवढी का वाईट झाली माझी? नजर न्हाई, हे खरं हाय. पन हात तर हायेत ना."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. 'पाठवलंय' म्हणाला पोरगा. 'पाठवली' म्हणाला असता तर गोष्ट वेगळी. पण बापाने नेमका तेवढाच फरक ऐकला नव्हता. आम्ही जाऊन खोकं फोडलं. आतून निघालं ते काळं, चार पायांचं, झाकणाचं, कोंबडी भाजायचं विजेचं यंत्र. कासाबाईने बघितलं आणि म्हणाली, "अगं बया, ही तर शेगडी हाय!"

मिस्त्री इतका हसला की त्याला ठसका लागला. पाठीवरचं ओझं उतरल्यासारखा अंगणभर फिरला, त्या यंत्रावर थापा मारल्या, पत्रा किती पातळ आहे ते सांगितलं. त्या दिवशी त्याने मला दोनदा चहा पाजला.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

यंत्र अंगणात ठेवलं, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. मिस्त्रीच्या फोनवरून हरिओमला व्हिडिओ कॉल लावला. शेजारी त्याची बायको नीलम. माझ्या फोनवर त्या यंत्राचं ॲप घेतलं, बटण दाबून धरलं, निळा दिवा लुकलुकला. मग ॲपने विचारलं, घरचं वायफाय कोणतं? यादीत जे सगळ्यात वर दिसलं त्यावर बोट ठेवलं, पासवर्ड घातला. चाक फिरलं, फिरलं, आणि 'जोडता आले नाही.' पुन्हा केलं. पुन्हा तेच. यंत्र बंद करून चालू केलं. तास गेला. उन्हाने डोकं तापलं. पुण्याहून हरिओम म्हणाला, "काका, तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या, मी कंपनीच्या माणसाला पाठवतो."

जमत नसेल तर! एकतीस वर्षांच्या नोकरीत मला असं कोणी म्हणालं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. राऊटर स्वयंपाकघरात, यंत्र अंगणात, आणि मध्ये ती खिडकी. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला जमत नाही असं नाही रे. मध्ये लोखंड आहे. लोखंड सिग्नल अडवतं."

मिस्त्रीच्या मोराच्या पिसाऱ्यातून मांजर येतं-जातं. तिथून वायफाय जात नाही, हे बोलताना माझी जीभ झडायला हवी होती.

हरिओम लगेच म्हणाला, "अच्छा, मग काढा ना ती ग्रिल. तिथे तसाही काच लावायचा विचार होताच."

मिस्त्री माझ्या शेजारीच उभा होता. त्याने कान फोनकडे केला. कासाबाई पदराला हात पुसत दारात आली. मला वाटलं, हरिओम आत्ता म्हणेल, थांबा, ती बाबांची आहे. फोनमध्ये तो नीलमशी काहीतरी बोलत होता, येत्या रविवारी मित्रांना हुरड्याला आणायचं, गाड्या किती, असं. मग म्हणाला, "बाबा, होईल ना आजच?"

"हुईल की," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या कोणाला बोलवू म्हटलं तर ऐकेना. स्वतः ग्राइंडर आणला. डाव्या हाताने चाचपून ग्रिल भिंतीत कुठे धरली आहे ते बघितलं आणि उजव्या हाताने कापत गेला. बारा जागी धरली होती, बाराही जागा त्याला पाठ होत्या. ग्रिल सुटली तेव्हा मी एक बाजू धरली. आम्ही दोघांनी ती लिंबाच्या झाडाला टेकवून ठेवली.

मग मी पुन्हा बटण दाबलं. चाक फिरलं. जोडता आले नाही.

आता मात्र मला घाम फुटला. चष्मा पुसून यादी नीट वाचली, तर एकाच घरच्या वायफायची दोन नावं. एक नुसतं, आणि एकाच्या शेपटाला फाइव्ह जी. मी सकाळपासून फाइव्ह जीवाल्यावरच डोकं आपटत होतो, आणि असल्या यंत्राला चालतं ते साधं. दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. यंत्राने मंजुळ आवाज केला, निळा दिवा स्थिर झाला. दोन सेकंदही लागले नाहीत. पुण्यात टाळ्या वाजल्या.

मिस्त्रीने विचारलं, "लोखंडच आडवत व्हतं का, किशनराव?"

मी म्हणालो, "होय."

रविवारी दोन गाड्या भरून मंडळी आली. कासाबाईने अंगणात आगटी करायची म्हणून गोवऱ्या काढून ठेवल्या होत्या, तर हरिओम म्हणाला, "आई, धूर नको. सगळं यातच करू." मला मानाने बोलावलं होतं, यंत्र जोडणारा माणूस म्हणून. साडेअकराला हरिओमने फोनवरून यंत्र सुरू केलं. यंत्राने सांगितलं, अपडेट चालू आहे. सगळे खुर्च्या ओढून बसले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी नाली खोदणाऱ्या जेसीबीने केबल तोडली आणि घराचं इंटरनेट गेलं. अपडेट अर्ध्यात अडकलं. आता ते धड चालू होईना नि बंद होईना. वीज होती, कोंबड्या मसाला लावून तयार होत्या, कोवळी कणसं टोपलीत होती, आणि सात-आठ शिकलेली माणसं एका काळ्या खोक्याच्या भोवती उभी राहून त्याच्या पडद्यावरचं चाक बघत होती.

एका मित्राला लिंबाखाली ग्रिल दिसली. "अरे, ही काय भारी वस्तू आहे! विटांवर ठेवली तर खाली जाळ करता येईल."

नीलम म्हणाली, "पण तिला रंग आहे ना? पोटात जाईल."

तेवढी एक जण 'तिला' म्हणाली, हे मी ऐकलं.

हरिओमने बापाकडे पाहिलं. "बाबा, ग्राइंडरने रंग तेवढा काढून द्याल का? दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटं नाही, पाऊण तास लागला. मिस्त्री मातीत मांडी घालून बसला होता. बोर्डाची खोबणी सैल होती, म्हणून मी तिथे पिन दाबून उभा. आधी मानेचा निळा गेला. मग पिसाऱ्याचा हिरवा. पिसाऱ्यातल्या प्रत्येक डोळ्यापाशी तो ग्राइंडर थांबवायचा, बोटाने चाचपायचा, आणि पुन्हा लावायचा. रंगाची भुकटी त्याच्या मिशांवर बसली. मागे मंडळींची गाणी चालली होती. माझा हात त्या पिनेवर होता. मी तो काढू शकलो असतो. काढला नाही.

मग चार विटा, गोवऱ्या, बाभळीची लाकडं. मोर आडवा झाला, त्याच्यावर कोंबड्या ठेवल्या. चरबी गळून पिसारा काळा पडला. सगळ्यांनी बोटं चाटली. एकाने ओरडून सांगितलं, "काका, तुमचं ग्रिल एक नंबर!" हरिओमने फोटो काढला आणि खाली लिहिलं, बाबांनी स्वतः बनवलंय. अभिमानाने लिहिलं, खरंच अभिमानाने. मिस्त्रीला एक तुकडा दिला तर तो म्हणाला, "दात दुखायलेत." चणे फोडून खाणारा माणूस.

संध्याकाळी गाड्या गेल्या. मला रात्रभर चैन पडलं नाही. सोमवारी सकाळी उठून गेलो. मिस्त्री अंगणात विटांजवळ बसून वाळूने ग्रिल घासत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. लोखंडाने काही अडत नव्हतं. नाव चुकलं होतं, चूक माझी होती, आणि माझी लाज झाकायला मी ती तुमच्या ग्रिलवर ढकलली. आजच ती परत बसवू, हरिओमला मी सांगतो.

त्याने घासायचं थांबवलं नाही. "ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"जल्मभर ग्रिली बसवल्या, किशनराव. माझ्या ग्रिलीआड बसून लोक फोनवर बोलायलेत. लोखंडानं काय आडतंय? तुमी बोलले तवाच कळलं, तुमाला यीना म्हनून बोलायलेत."

"मग कापली कशाला? तेव्हाच माझं तोंड का नाही धरलं?"

आता त्याने वर पाहिलं. मी कोणत्या बाजूला उभा आहे ते त्याला नीट दिसत नसावं, कारण तो माझ्या जरा डावीकडे बघत बोलला.

"पोरगं 'ऱ्हाऊ द्या' म्हनतंय का, ते बघत व्हतो."

मला सांगायचं होतं की पोराला सुचलं नसेल, लहान आहे, कामाच्या घाईत होता. पण कोणत्या तोंडाने सांगणार? त्या दिवशी 'राहू द्या' म्हणू शकेल असा अंगणात आणखी एक माणूस होता, यंत्राचा फोन हातात धरलेला, आणि त्याला तर सगळं ठाऊक होतं.

ती खिडकी आता काचेची आहे. यंत्रावर प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं असतं आणि आत निळा दिवा चालू असतो. ग्रिल परत बसवायला मिस्त्रीने नाही म्हटलं. ती तशीच विटांवर आहे, पुढच्या वेळेसाठी.