बिनवासाचं सोल्यूशन

सोल्यूशनच्या ड्रमच्या काठावर माल थरावर थर वाळत जातो. किश्शांचंही तसंच. खरवडायला कुणी बसत नाही, म्हणून साठतात!

आमचा नगरच्या एमआयडीसीत फोम, रेक्झिन, चपला चिकटवायच्या सोल्यूशनचा छोटा कारखाना. शाळा मी आठवीत सोडली, केमिस्ट्री ड्रमच्या लेबलांवर शिकलो. मध्यंतरी टोल्युइनचा, म्हणजे उग्र वासाच्या पातळ रसायनातला माल बंद करून पाण्यातला करायचं ठरवलं. हवा खराब नको, कामगारांची डोकी चढायला नकोत. अडचण एकच. आमचा निम्मा माल घेणारे राहात्याचे अण्णा, शिर्डीच्या लॉजना गाद्या पुरवणारे. ते नाही म्हणाले, की जुनी टाकी पुन्हा चालू!

* * *

टाकीवर भानुदास मिस्त्री. झाकण उघडून एक श्वास घ्यायचा अन् माल पास की नापास ते सांगायचा. नव्या ड्रममध्ये त्याने तीनदा नाक घातलं.

"शेठ, वासच न्हाई!"

"नसणारच. म्हणून तर केलाय."

"मग मी आता पगार कशाचा घ्यायचा?"

* * *

गेटवर मंदामावशींची चहाची टपरी. पूर्वी कामगार तासातासाला डोकं धरून बाहेर यायचे अन् आल्याचा चहा मारून परत जायचे. नवा माल सुरू झाला आणि पंधरा दिवसांत मावशी ऑफिसात हजर.

"शेठ, मानसांना कोंडून ठिवता व्हय?"

"नाही हो मावशी. आता डोकं दुखत नाही त्यांचं."

"आन् माझं दुखाया लागलंय, त्याचं काय?"

* * *

नवा माल दिसायला दुधासारखा. छोट्या गिऱ्हाइकांना दरवेळी नवा ड्रम नको, म्हणून डेअरीने मोडीत काढलेल्या कॅनमध्ये भरायचा अन् रिकामे कॅन परत आणायचे, ही माझी आयडिया. टेम्पोवाल्याने काष्टीच्या चप्पलवाल्याचा कॅन वाटेत दूध संकलन केंद्रावर उतरवला! तिथून फोन.

"शेठ, कॅनवर तुमचा नंबर हाय. लॅक्टोमीटर सोडला तर बुडंना. आन् आता निघंना बी!"

"अहो, ते दूध नाही, चपलांचं सोल्यूशन आहे!"



"तरीच. म्हनलं, एवढं बिनपान्याचं दूध घातलं कुनी!"

* * *

मग राहात्याची ट्रायल. अण्णांनी झाकण काढलं, हुंगलं, परत लावलं.

"पाणी विकायला आलात?"

"अण्णा, लावून जोड ओढून बघा. फोम फाटेल, जोड सुटणार नाही."

"वास नाही त्याला मी फोम दाखवत नाही."

ड्रम परत! सोबत आलेला भानुदास राहुरीपर्यंत झाकण उघडून हुंगत राहिला.

आठवड्याने तोच ड्रम घेऊन तो एकटा गेला. संध्याकाळी अण्णांचा फोन. "आता कसं! झाकण काढताच नाकाला झोंबलं. जोड ओढला, फोम फाटला. हाच पाठवत जा!"

मी गार. "भानुदास, टोल्युइन घातलंस?"

"मालात थेंब न्हाई शेठ. झाकनाला आतून जुन्या सोल्यूशनचा एक हात मारला."

मला काही चैन पडेना. शेवटी अण्णांना फोन करून खरं ते सांगितलं. म्हटलं, पुढचे ड्रम साध्या झाकणाचे येतील, चालत नसतील तर आत्ताच सांगा.

"माल येऊ द्या हो, फोम फाटतोय ना!" अण्णा म्हणाले. "ते झाकण मात्र परत मागू नका. ऑफिसात ठेवलंय. लॉजवाले गादी बघायला आले, की आधी ते हुंगायला देतो. अन् भानुदासला पाठवा एकदा, वास उडत चाललाय!"