पाण्याचा नारळ

उइटहॉर्न या डच गावातले आमचे एक शेजारी कोरोनाच्या बंदीतही मेक्सिकोच्या सहलीची तयारी करत होते. तिथल्या चुनखडीच्या दगडातल्या नैसर्गिक विहिरींत गाइड पोहायला नेतो म्हणे. रोज संध्याकाळी पडदे नसलेल्या खिडकीतून ते स्टुलावर पालथे पडून हातपाय मारताना दिसायचे. बॅगेत गॉगल, लाइफ जॅकेट आणि पाण्याला वाहायचा नारळ. नारळ कशाला विचारलं, तर म्हणाले,

"म्हणजे बघा, अनोळखी पाण्यात न विचारता कसं उतरायचं?"

सहल रद्द झाली त्या दिवशी ते कालव्यात तोच नारळ सोडत होते.

"अहो, आता कशाला?"

"म्हणजे बघा, वाचलो ना! मला पोहता कुठे येतं?"

 दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा स्टुलावर पालथे, आणि टेबलावर पुढच्या सहलीसाठी नवा नारळ.