समोरच्याची जागा

प्रश्न टाकायचा आणि कानामागे तळवा धरून उत्तराची वाट बघायची, ही बुवांची सवय. दिवसा ते मालवणच्या बाजारात शिंपीकाम करायचे. "कॉलर कशी होयी?" म्हणायचे आणि हात कानामागे. गिऱ्हाईक भांबावून काहीतरी बोलून जायचं आणि तसली कॉलर वर्षभर मिरवायचं.

बुवांचं खरं राज्य मात्र डबलबारीत. तुम्ही ऐकली असेल. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. एका बुवाने गाण्यातून चिमटा काढायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच तो परतवायचा. आमच्या बुवांसमोर वीस वर्षं एकच माणूस बसला, मसुऱ्याचे बुवा. दोघे एकमेकांची यथेच्छ शोभा करायचे आणि एकमेकांशिवाय सुपारी घ्यायचे नाहीत.

त्या वर्षांत जो तो कॅसेट काढत होता. बुवांच्या मंडळाची पहिली कॅसेट माझ्याच रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात भरली. मसुऱ्याच्या बुवांना बोलावलं होतं. त्यांचा निरोप आला, "यंत्रासमोर गाऊक मी काय रेडिओ आसंय?"

बुवा एकटेच बसले. झकास चिमटा काढला आणि एकदम गप्प. मी खुणा करतोय, हे डोळे मिटून बोटांनी ताल धरून बसलेले. दोन मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "बरा बोललंस! पण सूर खंय गेलो तुझो?" आणि पुढचं भजन सुरू.

"बुवा, कोरी टेप फुकट गेली."

"फुकट कशी? ती समोरच्याची जागा. तेचा उत्तर येतला."

कॅसेट बाजारात गेली आणि परत येऊ लागली. "बुवांची मधीच वाचा जाता, बदलून देवा." लोक पोट धरून हसले. बुवांना त्याचं काही नव्हतं. एक कॅसेट त्यांनी मसुऱ्याला धाडली होती आणि रोज दुपारची एसटी आली की माझ्या दारात उभे. "उत्तर इला?" हात कानामागे.

उत्तर यायचं ते एकच. "आधी समोर येवन बस, मगे देतंय." हेही जाईनात. वर्षभर बारी झाली नाही. मला दोघांचाही राग यायचा.

मग बुवाच गेले.

बाराव्यानंतर मसुऱ्याचे बुवा दुकानात आले. काखेत तीच कॅसेट. "लाव," म्हणाले आणि स्पीकरसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. बुवांचा चिमटा संपला तसे ते गायला लागले. भरदुपारी बाजार दाराशी गोळा झाला. उत्तर जबरदस्त होतं, आणि त्या मोकळ्या जागेत बरोब्बर बसलं. समोरच्याचा दम बुवांना बोटांवर पाठ होता, हे मला तेव्हा कळलं.

"बरा बोललंस! पण सूर खंय गेलो तुझो?" स्पीकर म्हणाला.

दारातली माणसं हसली. मसुऱ्याच्या बुवांनी स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवला.

"गेलो रे," म्हणाले.