सोडावाल्याचा ताणकाटा

बेल्ह्याच्या आठवडे बाजारात सोड्याची गाडी लावणारा तो माणूस मला पहिल्यापासून लबाड वाटायचा. गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी तो मध्येच गॅसची टाकी सोडवायचा, ताणकाट्याला लटकवायचा, डोळे बारीक करून वजन बघायचा आणि टाकीच्या मानेवर कोरलेल्या रिकाम्या वजनाशी ताडून ती पुन्हा जोडायचा. सोड्यात गॅस कमी मारायची ही काहीतरी युक्ती असणार, असा माझा पक्का संशय.

एकदा न राहवून मी म्हणालोच, "मीटर तर टाकी भरलेली दाखवतंय. मग तोलता कशाला?"

"मीटरवर इस्वास न्हाई, राव. आत पातळ गॅस हाय तवर सुई हालतच न्हाई. संपत आला की एकदम पडती. वजन खोटं बोलत न्हाई."

ग्लास पुढं करत त्यानं विचारलं, "तुमचं बरं हाय ना?"

"एकदम मस्त."

त्यानं माझ्या कमरेच्या पट्ट्याकडं पाहिलं. त्याला मी नुकतीच दोन नवी भोकं पाडली होती. ताणकाट्याकडं बघायचा तसंच, डोळे बारीक करून पाहिलं.

"एकदा वजन करून घ्या," तो म्हणाला.

घरी कुणी विचारलं, तर पट्टाच सैल झालाय असं मी सांगत होतो.