पूर्ण भरलेली वही

राजूरच्या पोस्टमनने शाळेच्या व्हरांड्यात कार्ड हातात दिलं. कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता. मजकूर वाचण्याआधीच कळलं, कुणीतरी गेलं. नगरहून सबनीस डॉक्टरांच्या कंपाउंडरने लिहिलं होतं, ‘डॉक्टरसाहेब गेल्या सोमवारी वारले. तुम्हांस कळावे.’ कार्ड डोंगर चढून माझ्यापर्यंत यायला सहा दिवस लागले होते. तोवर दहनही झालं होतं आणि अस्थीही गेल्या होत्या. मी कार्ड खिशात ठेवलं, वर्गात गेलो आणि फळ्यावर तारीख लिहिली... पुढे काय शिकवलं ते आठवत नाही.

त्याला आता पाच आठवडे झाले. डॉक्टरांबद्दल चांगलं लिहिणारे नगरमध्ये पुष्कळ आहेत. त्यांच्या हाताने मोतीबिंदू काढलेली माणसं तालुक्या-तालुक्यात सापडतील. मला मात्र त्यांच्याविषयी लिहायचं तर माझी एक चूक सांगितल्याशिवाय लिहिता येणार नाही.

मी कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. आठवीपर्यंत मला सगळे मठ्ठ समजत. फळ्यावरचं मला दिसत नव्हतं, पण दिसत नाही हे मला तरी कुठे ठाऊक होतं! सगळ्यांना जग असंच धुरकट दिसत असणार, अशी माझी समजूत होती. एकदा शाळेत डोळे तपासायला नगरहून सबनीस डॉक्टर आले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. माझ्या पुढची पोरं मोठ्याने वाचत होती, ते ऐकून मी तक्ता पाठ केला आणि माझी पाळी आल्यावर घडाघडा म्हणून दाखवला. डॉक्टर हसले. म्हणाले, “पाठांतर चांगलं आहे. आता खालून वर वाच.” मी डोळे बारीक करून तक्त्याकडे बघू लागलो. त्यांनी मान वळवून गुरुजींना सांगितलं, “मुलगा हुशार आहे हो. तुम्ही याला दिसेल असं काही लिहिलंच नाही इतके दिवस.” पंधरा दिवसांनी माझा चष्मा आला. चिंचेच्या झाडाला सुटी सुटी पानं असतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

पुढे मी नगरला कॉलेजात गेलो, तो डॉक्टरांच्याच आधाराने. सकाळी त्यांच्या दवाखान्यात केसपेपर लिहायचे आणि मग कॉलेज. मी कधी मास्तर होईन हे मलाही माहीत नव्हतं, तेव्हापासून ते मला मास्तर म्हणत. “काय मास्तर, जेवलात का?” जेवलो नसलो तर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ताट आणत. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्या ताटाचा त्यात मोठा वाटा आहे.

माझी धाकटी बहीण मंगल तेव्हा अकरा वर्षांची होती. तिलाही नवव्या वर्षीच चष्मा लागला होता आणि दर सहा महिन्यांनी तिची काच जाड होत होती. आईने शेजारच्या गंगूबाईला सांगितलं, “मंगलचा नंबर वाढला गं.” गंगूबाई म्हणाली, “मग साखर वाट की! आमच्या पोराचा तर खालून पयला हाय.” आई हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन वर्षांत नंबर दोनाचा चार झाला होता. एवढ्या जाड भिंगाची पोरगी पुढे कोण करून घेणार, हा तिचा घोर होता. मला भीती वेगळीच होती. मंगल माझ्यापेक्षा हुशार. तिचं शिक्षण डोळ्यांपायी थांबेल, असं मला वाटे.

डॉक्टरांनी तेव्हा कुठेतरी वाचलं होतं, की मुलांच्या बुबुळावर कडक प्लॅस्टिकची लहानशी लेन्स बसवली तर नंबर वाढण्याचा वेग कमी होतो. त्यांनी आईला बसवून समजावलं. “वाढत्या वयात डोळा लांबट होत जातो, म्हणून लांबचं दिसत नाही. ही वाटी त्याला थोडं आवरून धरते, असं काही डॉक्टरांचं म्हणणं आहे. खरं-खोटं मला माहीत नाही. आपण बघू.” ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारा दुसरा डॉक्टर मी पाहिलेला नाही. मंगलला ते स्वतः पुण्याला माप द्यायला घेऊन गेले. लेन्स आल्या, टिकलीहूनही लहान. सोबत दोन कप्प्यांची डबी होती, तिच्या झाकणांवर डॉक्टरांनी सुईने कोरलं होतं, ‘उ’ आणि ‘डा’. एक वहीही दिली. तारीख, घातली, काढली, असे तीन रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखले होते. “मंगल, रोज लिहायचं. नाही घातली तर नाही म्हणून लिहायचं. मला तेही हवं आहे.”

ते दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्याकडे पाणी टँकरचं आणि हवेत दिवसभर माती. लेन्सखाली धुळीचा कण गेला की मंगल डोळा धरून खाली बसे. लेन्स धुवायला उकळून गार केलेलं पाणी लागे. ते पाहून गंगूबाई म्हणाली, “आमाला प्यायला न्हाई, आन हिच्या डोळ्याला रोज आंगूळ!” ते मंगलच्या जिव्हारी लागलं. बारा दिवस तिने लेन्स घातल्या. तेराव्या दिवशी डबी फडक्यात बांधून भिंतीतल्या देवळीत ठेवली.

मला याचा पत्ता सहा महिन्यांनी लागला, तिला तपासणीसाठी न्यायला मी गावी गेलो तेव्हा. वहीत बारा ओळी, पुढे कोरी पानं. आई म्हणाली, “लई दुखत हुतं तिला. मी तरी कसं बळं करू?” तिचं काही चुकलं नव्हतं. नगरला जाऊन एवढंच सांगायचं होतं. पण एसटीत बसल्यावर मला डॉक्टरांचा चेहरा दिसू लागला. पुण्याच्या खेपा, पट्टीने आखलेले रकाने, काकूंचं ताट... मी खिशातलं पेन काढलं आणि वही भरायला घेतली. घातली सात वाजता, काढली तीन वाजता. मध्ये दोन दिवस ‘ताप’ लिहिलं, म्हणजे खरं वाटेल.

मंगल म्हणाली, “दादा, खोटं कशाला लिव्हतो? मी सांगते त्यांना.”

“गप बस. त्यांना काय वाटंल?”

याला आपल्याकडे भीड म्हणतात आणि हा चांगुलपणाचाच एक प्रकार आहे असं आपण समजतो. मीही समजत होतो.

डॉक्टरांनी डोळे तपासले. नंबर साडेपाच. वही चाळली. तेराव्या ओळीपासून अक्षर माझं होतं आणि एसटीच्या हादऱ्यांनी वाकडं झालं होतं. मी म्हणालो, “ती सांगायची, मी उतरवून घेतलं.” त्यांनी मान डोलावली. तक्ता पाठ करणारा मुलगा त्यांनी एका प्रश्नात पकडला होता. या वेळी त्यांनी प्रश्नच विचारला नाही. मंगलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू तुझं काम चोख केलंस बाळ. माझीच कल्पना चुकली.” मंगल माझ्याकडे बघत होती.

तरीही मी सांगू शकलो असतो. महिनाभराने घोडेगावची एक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तिचाही नंबर भरभर वाढत होता. बाईने विचारलं, “सायेब, डोळ्यात घालायचं काय असतंय म्हनं?” डॉक्टर म्हणाले, “असतं. पण आमच्या एका मुलीने सहा महिने नियमाने वापरून पाहिलं. उपयोग नाही झाला. उगाच लेकराला त्रास कशाला?” शेजारच्या टेबलावर बसून मी त्या मुलीचा केसपेपर लिहीत होतो. मी लिहीतच राहिलो.

त्या लेन्सने नंबर थांबतो की नाही, मला आजही माहीत नाही. कदाचित थांबला नसताच. पण ते कळण्याची डॉक्टरांना आस होती आणि मी त्यांना चुकीचं उत्तर दिलं.

गेल्या दिवाळीत सगळं सांगायचं ठरवूनच नगरला गेलो होतो. ते अंथरुणावर होते. “काय मास्तर, शेवटच्या बाकावरच्यांना फळा दिसतो का?” मी म्हटलं, दरवर्षी पहिल्या दिवशी एकेकाकडून वाचून घेतो. खालून वर. ते इतके खूश झाले, की माझं बोलणं तोंडातच राहिलं... पुढच्या खेपेला सांगू, म्हटलं.

तीन आठवड्यांपूर्वी काकूंना भेटायला गेलो. त्यांनी कपाटातून ती वही काढून माझ्या हातात ठेवली. “तुझ्या अक्षरातली आहे, तुझ्याकडेच असू दे. तेव्हाच आणखी दोघा-तिघांना त्यांनी अशा वह्या दिल्या होत्या रे, सगळ्यांनी अर्ध्यात सोडल्या. हे म्हणायचे, पूर्ण भरलेली ही एकच.” काकूंनाही मला काही सांगता आलं नाही. हा लेख त्या वाचतील.

वही आता राजूरच्या खोलीत, माझ्या टेबलावर आहे. रोज शाळेतून आलो की बसायचो आणि तेराव्या ओळीपासून एकेका तारखेपुढचं खोडून लिहायचो, ‘घातली नाही’. मंगल आता दहावीला आहे. तिला पत्राने कळवलं, तर तिचं उलटटपाली उत्तर आलं, ‘तापाचे दोन दिवस पण खोड.’ तेही खोडले. शेवटच्या पानावर डॉक्टरांच्या हाताची एक ओळ आहे, ‘वापर नियमित. उपयोग नाही.’ तिथपर्यंत मी परवा पोचलो. पेन उघडलं... ती ओळ मला खोडता आली नाही.