नथ नसलेली देवी

त्या प्रकरणातले चेहरे आजही डोळ्यांसमोर आहेत. साठच्या दशकातलं साल, होळीच्या आधीचा शनिवार. ठाण्यात हजर : मी (तेव्हा नवा फौजदार), हवालदार, पनवेलचा एक सोनार, आणि दिवाळे गावची मासे विकणारी विधवा बाई. नवी मुंबई हे नाव तेव्हा कोणी ऐकलंही नव्हतं.

फिर्याद आधीच नोंदवलेली होती. बेलापूरच्या बंगल्यात एक निवृत्त इंजिनीअर जुनी नाणी जमवत. त्यांच्या कपाटातून एकोणिसाव्या शतकातला नाण्याचा चांदीचा नमुना गेला होता. नवं नाणं काढण्याआधी टांकसाळ पसंतीसाठी असे मोजके नमुने पाडते. हा तर एकतर्फी होता : पुढे मुकुटवाली राणी, मागची बाजू कोरी. ‘‘असा दुसरा माझ्या पाहण्यात नाही,’’ ते म्हणाले. कुलूप शाबूत होतं, म्हणजे माणूस घरात वावरणारा. आम्ही आसपासच्या सोनारांना वर्णन कळवलं.

खबर तिथूनच आली. पनवेलचा सोनार बाईला घेऊन ठाण्यात आला. ‘‘साहेब, ही बाई म्हणते, देवीला नथ बसवून द्या. बघतो तर गोरी राणी! भोक पाडायला हात धजेना.’’

वस्तू तीच होती. बाई रोज त्या बंगल्यावर मासे द्यायची. चोरीचा आळ आला असता तर तिची माशांची पाटी कुठल्याच दारात उतरली नसती. तरी तिचं उत्तर बदलेना.

‘‘सायेब, मी चोरटी नाय. देव हाय तो.’’

‘‘दिला कोणी?’’

‘‘त्ये नाय सांगनार. शबूद दिलाय.’’

चोर सहसा गप्प बसत नाही, तीन हकिकती सांगतो. मी मुद्देमाल सीलबंद करायला सांगितला. हवालदाराने वस्तू उलटसुलट पाहिली आणि आधी बूट काढले.

‘‘हे काय?’’

‘‘पुढे मुखवटा, मागे कोरं. आमच्या देव्हाऱ्यातले टाक असेच असतात, साहेब.’’

ही चूक बंगल्यातही कोणी केली असेल का? मी थेट इंजिनीअरांच्या पत्नीला विचारलं. त्या रडू लागल्या.

‘‘वाटलं, ह्यांनी कुणाच्या घरातला टाक विकत आणला. देव कपाटात बंद बघवेना. ह्यांना सांगावं तर हसले असते. मासेवालीच्या ओटीत घातला आणि बोलू नकोस म्हटलं.’’

इंजिनीअर स्वतः ठाण्यात आले. ‘‘मावशी, माझं चुकलं.’’

‘‘त्ये ऱ्हाऊ दे. देवीला नेतंस काय?’’

त्यांनी नाणं एकदा उलटवून पाहिलं. ‘‘तुमच्या हयातीत राहू द्या. फक्त नथ नको.’’

‘‘बिननथीची देवी?’’

‘‘दोऱ्याने बांधा हो, पण भोक नको!’’

मी गैरसमजाची फिर्याद म्हणून ‘क’ समरीचे, म्हणजे तपास बंद करण्याचे, कागद पाठवले. बाईच्या पश्चात नाणं बंगल्यावर पोचवायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून चोरीच्या तपासात मी आधी विचारत आलो : ही वस्तू या घरात कोण काय समजतं?

आज बाई नाही, इंजिनीअरही नाहीत. त्यांच्या मुलाने नाण्याची चौकशी केली आहे. माझ्या कामांच्या यादीत हे एकच उरलंय, बाकी सगळ्यांवर रेघ आहे. नाणं मागायला दिवाळ्याला जातो तेव्हा बाईची सून देव्हारा उघडते. दोऱ्याने बांधलेली नथ राणीच्या नाकाशी लोंबत असते.

‘‘सायेब, आदी हलद-कुकू लावा,’’ ती म्हणते.

मी लावतो आणि परत येतो.